नवे टायर पुढे

माझ्या मोठ्या जाऊबाई गाडीतून उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर काढून जमिनीवर ठेवतात आणि मग बराच वेळ तशाच बसून राहतात. बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी शोधताहेत. शोधत काही नसतात. दिवसभर ताठ धरलेली पाठ सोडवायला त्यांना तेवढा वेळ लागतो. मी त्यांना वहिनी म्हणते. डायलिसिसचे पेशंट त्यांना ड्रायव्हरबाई म्हणतात, आणि तेच नाव त्यांना जास्त आवडत असावं. त्या हाकेला त्या लगेच ओ देतात. मला दोनदा हाक मारावी लागते.

आमच्याकडे किडनीच्या पेशंटांचं रक्त शुद्ध करायची सोय नाही. ती वर, डोंगराच्या माथ्यावरच्या मोठ्या दवाखान्यात आहे. वहिनी सकाळी दोन पेशंट घेऊन घाट चढतात. ते दोघं मशीनला लागले की त्या दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी गाडी लावून आतच बसून राहतात. विणकाम आणतात, पण मी ते वाढलेलं कधी पाहिलं नाही. दुपार कलली की पेशंट बाहेर येतात, चेहरे उकडून काढल्यासारखे, आणि वहिनी त्यांना खाली आणतात. हे काम दुसरं कुणी करत नाही. टॅक्सीवाले एकदा करतात, गाडीत एकदा उलटी झाली की पुन्हा फोन उचलत नाहीत.

गाडी शिकल्या त्या भावजींसाठी. भावजींचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा वहिनींचं वय कुणी नवीन काही शिकायचं नव्हतं. भावजी म्हणायचे, "मरायचंच आहे तर बायकोच्या हातून मरतो, घरचं काम घरात." आणि शेजारच्या सीटवर बसून त्यांना गिअर सांगायचे. भावजी गेले ते घाटात नाही, अंथरुणावर, झोपेत. त्यानंतर थोड्याच दिवसांनी डायलिसिसला त्यांच्या शेजारच्या खाटेवर असणाऱ्या मास्तरांचा फोन आला. मास्तर शाळेतून केव्हाच निवृत्त झालेले. म्हणाले, "ड्रायव्हरबाई, तुमचं वर यायचं कारण संपलं हे मला कळतं. पण माझं संपलेलं नाही." वहिनींनी किल्ली घेतली आणि गेल्या. तेव्हापासून जातच आहेत.

त्यांच्या गाडीत गाणी लागत नाहीत. वासाची डबी नसते, कारण वासाने मळमळतं. मागच्या सीटवर धुऊन मऊ झालेला टॉवेल अंथरलेला असतो आणि पुढच्या सीटच्या पाठीला पिशव्या अडकवलेल्या असतात. खाली येताना त्यांचं वाक्य ठरलेलं: "डोळे मिटा, मान मागे टाका, उतरेपर्यंत बोलू नका." शरीरातलं पाणी काढून घेतल्यावर डोकं हलकं होतं, चक्कर येते. ते त्यांनी भावजींच्या बाबतीत इतकं पाहिलंय की पेशंटने "अहो, जरा" म्हटलं तरी त्यांचा हात पिशवीकडे जातो.

मागच्या थंडीत त्यांचा डावा खांदा धरला. गिअर टाकताना चेहरा आवळायचा. उन्हाळा संपता संपता डॉक्टर म्हणाले, गाडी बंद करा. वहिनी म्हणाल्या, मग मास्तरांना काय तुम्ही पाठीवर नेणार? आणि इथे माझी मुलगी मध्ये पडली. शिक्षण संपून ती घरी बसलेली, रोज कुठे ना कुठे अर्ज करत असलेली. ती सरळ म्हणाली, "काकू, मी चालवते. तू शेजारी बसून शिकव."

एकुलती एक मुलगी, तो घाट, आणि तोंडावर आलेला पावसाळा. गाडी तिला येते, सपाट रस्त्यावर. मी वहिनींना एवढंच म्हटलं, "निदान टायर तरी बदलून घ्या." मुलीला अडवायचं धाडस नव्हतं, म्हणून टायरवर अडून बसले म्हणा.

टायरच्या दुकानात मीही गेले. मागचे दोन अगदी गुळगुळीत झालेले, ते काढायचे ठरले. पुढचे अर्धे झिजलेले, त्यांच्यात अजून जीव होता. दोन नवे घ्यायचे.

टायरवाल्याने जॅक लावता लावता विचारलं, "नवे पुढेच ना, ड्रायव्हरबाई?"

"दर वेळी विचारतोस कशाला?"

"विचारावं लागतं. कंपनीचा कागद म्हणतो मागे लावा, गिऱ्हाईक म्हणतं पुढे लावा. मी ज्याचं तोंड समोर दिसतं त्याचं ऐकतो."

"मागे का म्हणतात?" मी विचारलं.

"ते त्यांनाच विचारा. ते इथे कधी येत नाहीत."

वहिनींनी मला समजावलं. स्टिअरिंग पुढे, इंजिन पुढे, आमची गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, ब्रेक दाबला की सगळं वजन पुढे येतं. "मागची चाकं नुसती मागून येतात. त्यांना काय काम?" त्यांची पद्धत अशी: नवे पुढे घालायचे, पुढचे अर्धे झिजलेले मागे सरकवायचे, मागचे टाकून द्यायचे. म्हणजे या गाडीच्या मागच्या बाजूला नवा टायर कधी गेलाच नाही. त्या वेळी हे माझ्या लक्षात आलं नाही. उलट मला पटलं. आमच्या घरीही नवी चादर बाहेरच्या खोलीत जाते आणि विरलेली आतल्या खाटेवर. शिवाय स्टिअरिंग माझ्या मुलीच्या हातात येणार होतं. जे चांगलं ते तिच्या हाताजवळ असावं असंच मला वाटत होतं.

त्या आठवड्यात मुलगी वहिनींच्या शेजारी बसून नुसतं बघत होती. दुसऱ्या पेशंटला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं, म्हणून मागची एक जागा रिकामी होती. मी म्हटलं, मीही येते. मुलगी म्हणाली, "आई, तू घाट बघायला येतेस की मला?" मी म्हटलं, दोन्ही. मागे मास्तर एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला.

जाताना कोरडं होतं. परतताना भुरभुर सुरू झाली. घाटात अर्ध्यावर खडी फोडायचं मशीन आहे, तिथल्या वळणावर कायम बारीक भुकटी पडलेली असते. ती ओली झाली की रस्ता साबण लावल्यासारखा होतो. वहिनींनी वेग आधीच कमी केला होता. तरीही वळणात शिरल्यावर मला खालून कुणीतरी चादर ओढावी तसं झालं. माझा खांदा दारावर आपटला नाही, नुसता टेकला. पुढे दोघींपैकी कुणी हललं नाही.

"वहिनी, गाडी सरकली का?"

"नाही गं. घाट आहे, तुला सवय नाही."

"सरकली," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"मास्तर, बोलू नका, मळमळेल."

"मी डॉक्टरांनाही सांगितलं. म्हटलं, वळणावर गाडी मागून हलते. ते म्हणाले, गाडी नाही मास्तर, तुम्ही हलता. गोळी दिली. आता मला चक्करही येते आणि झोपही."

"डोळे मिटा बरं."

"मिटलेलेच आहेत. मिटल्यावर जास्त कळतं."

एरवी मी हसले असते. पण मी आजारी नव्हते. माझ्या अंगातलं पाणी कुणी काढलेलं नव्हतं. आणि मला ते मास्तरांइतकंच कळलं होतं. मग पुढून मुलगी म्हणाली, "काकू, तू मघाशी स्टिअरिंग उलटं फिरवलंस."

"कधी?"

"त्या वळणावर. वळण डावीकडे होतं. तू क्षणभर उजवीकडे फिरवलंस आणि परत आणलंस."

"मी कशाला उलटं फिरवीन?"

"मी बघत होते ना. तेवढ्यासाठीच बसलेय इथे."

वहिनींनी गाडी खाली आणली. मास्तरांना त्यांच्या दारात हात देऊन उतरवलं, टॉवेल झटकला, आम्हाला घरी सोडलं. मी उतरताना म्हटलं, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण ती ही गाडी घाटात चालवणार नाही."

"नको चालवू दे," त्या म्हणाल्या. "मी आहे." आणि डावा हात उजव्या हाताने उचलून गिअरवर ठेवला.

मुलगी माझ्यावर चिडली. तिचं म्हणणं, तू काकूचा अपमान केलास. मी म्हटलं, अपमान भरून निघतो. तिने दार लावून घेतलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून सगळं आठवत होते. वहिनी खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं. गाडी मागून सुटते आणि त्यांचे हात ती परत आणतात, इतक्या सवयीने की त्यांचा त्यांनाच पत्ता नाही, झोपेत पांघरूण ओढून घ्यावं तसं. आणि मागे बसणारे सगळे चक्कर येणारे, त्यांचं ऐकायचं कुणी? हे सगळं ठीक होतं, वहिनींच्या हाताखाली. पण ते हात माझ्या मुलीकडे नव्हते.

वहिनींचा फोन आला तो मधे बरेच दिवस गेल्यावर. त्यांनी नमस्कार-चमत्कार केला नाही.

"मला मागे बसून बघायचंय. पण मग चालवणार कोण?"

"घाटात?" मी विचारलं.

"घाटात नाही गं. भाजी मार्केटच्या आवारात. बाजार बंद असतो त्या दिवशी फरशी धुतात, रखवालदार ओळखीचा आहे. तू पण ये. ओरडू नकोस मात्र."

भाजी मार्केटचं आवार म्हणजे चहूबाजूंनी गाळे आणि मध्ये काँक्रीटचं मोठं मैदान. नळीने धुतलेलं, जागोजागी कोबीची पानं चिकटलेली. मी माल उतरवायच्या ओट्यावर उभी राहिले. मुलगी स्टिअरिंगवर, वहिनी मागे, मास्तरांच्या जागी, टॉवेलवर.

तिने गोल फिरवायला सुरुवात केली. आधी हळू. वहिनींनी मागून काहीतरी सांगितलं, वेग वाढला. आणखी एक फेरी. वेग तसा फार नव्हता, सायकलवाला जीव खाऊन पॅडल मारेल तेवढा. एका ठिकाणी मुलीला वाटलं असावं, जरा जास्त झालं, तिने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. त्याबरोबर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला गेला, गाडी स्वतःभोवती फिरली आणि ज्या दिशेने आली होती तिकडे तोंड करून थांबली.

मी ओरडले नाही. ओट्यावरून खाली उतरले. मुलीने स्टिअरिंग जिन्याचा कठडा धरावा तसं घट्ट धरलं होतं. तिने ते कुठेही फिरवलेलं नव्हतं. रखवालदार लांबून म्हणाला, "बाई, फरशी तुमच्या बापाची नाही," आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

वहिनी दार उघडून दोन्ही पाय बाहेर ठेवून बसल्या. नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ. मग म्हणाल्या, "आता मी चालवते. पोरी, तू माझ्या हातांकडे बघ. आणि तू मागे ये."

मला मागे बसायचं नव्हतं. तरी बसले. वहिनींनी तोच गोल, तोच वेग धरला. माझ्याखालून ती चादर ओढली गेली.

"आत्ता," मुलगी म्हणाली. "आत्ता फिरवलंस. आणि आत्ता परत."

वहिनींनी गाडी थांबवली. आपल्या दोन्ही हातांकडे त्या अशा बघत होत्या की जणू ते कुणीतरी त्यांच्या मांडीवर ठेवून गेलंय. "मला वाटायचं मी नुसतं धरते," त्या म्हणाल्या. "मागच्या झिजल्या चाकांनाही काम असतं तर."

तिथून सरळ टायरच्या दुकानात. टायरवाला चहा पीत होता.

"पुढचे मागे घाल, मागचे पुढे."

"काय झालं?"

"काही झालं नाही. म्हणून तर घाल."

"करतो. पण पावसाळा संपला की परत उलटं करायला आणू नका. माझी कंबर आहे, जॅक नाही." मग नट सैल करता करता तो माझ्याकडे वळून म्हणाला, "कागद बरोबर निघाला म्हणायचा का?"

"तुम्ही तो वाचलाय ना?"

"वाचलाय की. माझ्या गाडीलाही नवे पुढेच आहेत."

वहिनी बाजूच्या जुन्या टायरच्या थप्पीवर बसल्या. मी शेजारी बसले. आतून हातोडीचे आवाज येत होते. मुलगी आत टायरवाल्याला काहीबाही विचारत होती आणि तो तिला दर वेळी "तसं नसतं ताई" म्हणून तेच सांगत होता जे ती म्हणाली होती.

"तेही म्हणायचे," वहिनी म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही कोण.

"खाली येताना. मागे आडवे पडून म्हणायचे, अगं, माझी खाट हलल्यासारखी वाटते. मी म्हणायची, डोळे मिटा."

मी म्हटलं, "वहिनी, त्यांना चक्कर यायचीच. खरीच यायची."

"यायची. पण कधी चक्कर होती आणि कधी गाडी, ते आता कुठून काढू?"

मी त्यांच्या दुखऱ्या खांद्याला लागणार नाही अशा बेताने थोडी सरकून बसले.

संध्याकाळी आम्ही पुन्हा मार्केटच्या आवारात गेलो. रखवालदाराने कपाळाला हात लावला, पण नळी स्वतःच सोडून दिली. त्याचीही करमणूक होत असावी. मुलीने तोच गोल घेतला. या वेळी वेग वाढल्यावर गाडी मागून सुटली नाही. पुढची चाकंच जरा बाहेर जायला लागली, गोल मोठा झाला. मुलीने पाय उचलला आणि गाडी निमूट परत वळणावर आली. तिने खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "आई, आधी हाताला कळतं. स्टिअरिंग हलकं होतं. घाबरायलाही वेळ मिळतो."

"घाबरायला वेळ मिळतो, ऐकलंस?" वहिनी म्हणाल्या. "तुझ्याच सोयीची गाडी झाली." त्या दिवसात पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर काहीतरी हसण्यासारखं आलं.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. अर्धे झिजलेले टायर आता पुढे आहेत, माझ्या मुलीच्या हाताखाली, आणि ते मला डोळ्यांना बरं दिसत नाही. पाऊस पडला की तिने हळू चालवायचं आहे, ते आधीही होतंच. फक्त गाडी आता तिला आधी सांगेल. एवढ्यावर मी हो म्हटलं. वहिनींनी अट घातली की महिनाभर त्या मागे बसतील, पेशंटमध्ये.

पहिल्या दिवसाच्या आधी त्या मास्तरांच्या घरी गेल्या. मला बरोबर नेलं, का ते सांगितलं नाही. मास्तर खुर्चीत बसून पेपर वाचत होते.

"मास्तर, तुमचं खरं होतं. गाडीच सरकत होती."

मास्तरांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे गोळी बंद करू?"

"ते डॉक्टरांना विचारा."

"विचारतो. पण तुम्ही बरोबर चला. माझं एकट्याचं कुणी ऐकत नाही, बघितलंत ना." मग म्हणाले, "आणि त्यांना सांगा, मी हलत नव्हतो."

"सांगते."

"थोडा हलतो. पण तेवढा नाही."

पहिल्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं. दुसरे पेशंटही आता दवाखान्यातून परतले होते, ते पुढे बसले. गाडी गेली आणि मी घरात एकच भांडं किती वेळा घासलं ते मला विचारू नका. वर पोचल्याचा फोन वहिनींनी केला, नेहमीसारखा, दोन शब्दांचा. दुपारी पाऊस लागला, रपरप, अगदी त्यांच्या परतायच्या वेळेला. खडीच्या मशीनपाशी आत्ता असतील, आत्ता उतरले असतील, असं मी मनात घाट उतरत होते आणि दर वेळी त्याच वळणावर परत जाऊन उभी राहत होते. फोन वाजला तेव्हा हात ओला होता, तो नीट पुसलाही नाही.

मुलगी होती. दबक्या आवाजात बोलत होती.

"उतरलो आई. घाटाच्या पायथ्याशी गाडी बाजूला घेतलीये."

"काय झालं? इतकं हळू का बोलतेस?"

"मास्तर सांगतात, हळू बोल. काकू झोपलीये."

"झोपलीये? कधीपासून?"

"खडीच्या मशीनच्या आधीपासून. वळणं सुरू झाली तेव्हा पाठ ताठ करून बसली होती, मग मान मागे गेली ती गेलीच. मास्तरांच्या खांद्यावर आहे. त्यांना हलता येत नाही, ते म्हणतात, मला काही होत नाही." मग तिने विचारलं, "आधी तिला सोडू की मास्तरांना? वाटेत तिचंच घर आधी येतं."

मागे पावसाचा आवाज येत होता, आणि त्यात मास्तरांचं काहीतरी पुटपुटणं.

"मास्तरांना आधी सोड," मी म्हटलं. "आणि दुसऱ्या पेशंटनाही. लांबून ये. तिला तेवढीच झोप मिळेल."